साहेबाला तेवढं सोडवलंत, भाऊ

भाऊ, चांद्याला तुमची शोकसभा झाली. वाचनालयाच्या मोठ्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या, तुमच्या फोटोला झेंडूचा हार होता आणि फोटोत तुम्ही कधी नव्हता इतके शांत दिसत होता. एक वकील बोलायला उभे राहिले. टेबलावर हात आपटून म्हणाले, भाऊंच्या कादंबरीतला हाका म्हणजे आपल्या झाडीपट्टीतल्या भोळ्याभाबड्या माणसांच्या देशप्रेमाचा जिवंत पुरावा आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! मी मागच्या खुर्चीवर होतो. उठलो आणि बाहेर जाऊन बिडी पेटवली.

तिथेच एक जण मागोमाग आला. स्मृतिअंक काढतोय म्हणाला, तुम्ही त्यांच्या गावचे, तुमच्या आठवणी द्या, जरा गोड लिहा. गोड लिहायला मी काय हलवाई आहे? पण देतो म्हटलं. लिहायला तुम्हीच शिकवलंत मला, तेव्हा जे लिहितो ते तुम्हीच आधी वाचा. चिडलात तर चिडा. आता तुम्ही उठून जाऊ शकत नाही, हे एक बरं झालं.

तुमची गोष्ट तुम्हाला काय सांगायची, पण अंक वाचणाऱ्याला कळावी म्हणून सांगतो. लढाईचे दिवस. आलापल्लीचा साग कापून कापून लढाईवर चाललाय. एका अंधाऱ्या रात्री जपान्यांची कमांडो टोळी विमानातून छत्र्या बांधून रानात उतरते. काम एकच, डाकबंगल्यात मुक्कामाला असलेल्या बड्या गोऱ्या साहेबाला जिवंत उचलायचं, प्राणहितेपर्यंत न्यायचं आणि नावेत घालून खाली समुद्राकडे पळवायचं. टोळीचा कप्तान चौकीदाराचे कपडे घालून साहेबाच्या खोलीत चहा घेऊन जातो. साहेब पेपरातून मान वर काढत नाही. कप्तान कप ठेवतो, साखर ढवळतो, खिडकीचा पडदा नीट करतो आणि मग साहेबाच्या मानेवर हात टाकतो.

ते प्रकरण तुम्ही माझ्या घरी, बैलांच्या कोठ्यात पोत्यावर बसून वाचून दाखवलं होतं. माझ्या बायकोची तव्यावरची भाकर करपली आणि तिला वास आला नाही. असा लिहिणारा माणूस आमच्या गावात जन्माला आला याचा मला गर्व होता, भाऊ. अजून आहे. राग आहे म्हणून गर्व जात नाही, त्याचाच तर त्रास आहे.

आणि साहेबाच्या जेवणाचं वर्णन! ते तुम्ही फार रंगवायचे. काटे, चमचे, भाजलेली कोंबडी, बिस्किटं, मुरंबा. माझी बायको विचारायची, इतकं कसं माहीत भाऊले? मी म्हणायचो, ठेकेदाराकडे मुनीम होते ना, ठेकेदार साहेबलोकांना जेवू घालायचा, भाऊ दारात उभे राहून बघायचे.

शेवटचं प्रकरण हाक्याचं. साहेबाला पळवल्याचं कळतं आणि रानातली सगळी गावं उठतात. ढोल, डबे, कुऱ्हाडी घेऊन माणसं वाघाच्या शिकारीत घालतात तसा हाका घालतात, नदीच्या काठावर टोळीला कोंडतात आणि साहेबाला सोडवतात. तुम्ही वाचून संपवलं आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. मी विचारलं, ‘काऊन?’

तुम्ही म्हणाले, का म्हणजे काय?

‘म्हंजे, आपले लोक सायबाले काऊन सोडवून राह्यले?’

तुम्ही मला देश समजावायला लागले. तुम्हाला माहीत होतं मी काय विचारतोय. डोमाचं नाव मी घेतलं नाही, तुम्हीही नाही. बैलांनी तेवढ्यात पाण्यासाठी गोंधळ घातला, मी उठलो आणि तो विषय तिथेच राहिला.

आता इथे मी त्याचं नाव घेतो. डोमा आपल्याच गावचा, तळ्याच्या पाळीवर घर, पार्बताबाईचा नवरा. लढाईच्या दिवसांत धान कापून झाला की तुम्ही ठेकेदारासाठी गावातून माणसं न्यायचे, आलापल्लीला साग तोडायला. मी होतो, डोमा होता. होळीच्या आधी परत आणून सोडीन, असा शब्द तुम्ही दारोदार दिला होता. एक दिवस ठेकेदाराचा पाहुणा म्हणून एक गोरा साहेब आला आणि त्याला वाघ पाहिजे होता. कुऱ्हाडी खाली ठेवा, हाक्याला चला, असं तुम्ही सांगितलं. आम्ही गेलो. विचारतो कोण? हाक्याला नाही म्हणायची तेव्हा रीतच नव्हती.

साहेबाने मचाणावरून गोळी घातली, ती वाघाच्या पुठ्ठ्याला लागली आणि वाघ गवतात शिरला. कोणीही सांगितलं असतं की आता थांबायचं, त्याला थंड होऊ द्यायचं. साहेबाला परत जायची घाई होती. तो इंग्रजीत काहीतरी बोलला. ठेकेदाराने तुमच्याकडे बघितलं. तुम्ही आमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘चला.’

साहेबाचा हुकूम इंग्रजी होता भाऊ, पण ‘चला’ मराठी होतं. डोमा माझ्या डाव्या हाताला होता. पुढचं मी लिहीत नाही.

बैलगाडीत त्याला गावी आणलं तेव्हा गाडीबरोबर मी आलो. तुम्ही आले नाही. ठेकेदाराचं काम अडलं होतं म्हणे. त्यानंतर तुम्ही गावात येत राहिले, दिवाळीला, लग्नाकार्याला, पण तळ्याच्या पाळीवरून कधी गेले नाही. सरळ वाट सोडून धानाच्या बांध्यांतून चिखल तुडवत माझ्या घरी यायचे. माझी बायको पायांवर पाणी घालायची. गावात कोणाला कळत नव्हतं असं वाटलं का तुम्हाला? शेंबड्या पोराला माहीत होतं.

आणि मग तुमच्या डोक्यात आलं की कादंबरी छापून यायच्या आधी मंडईत तिचं नाटक करायचं. दिवाळीनंतरची मंडई म्हणजे जत्राच, आजूबाजूची गावं जमतात, दंडारीचे खेळ होतात, आयते प्रेक्षक. मला कप्तान केलंत. साहेब केलं नारायण न्हाव्याला, तोंडाला सफेदा फासून. पडदा-बिडदा काही नाही, दंडारीसारखंच मोकळ्या जागेत, चारी बाजूंनी लोक धानाच्या तणसावर बसलेले आणि मधे आम्ही. तुमची युक्ती मात्र झकास होती. कप्तान साहेबाला खांद्यावर टाकून थेट लोकांच्या मधून पळणार, आणि लोकांतच पेरून ठेवलेले आपले गडी ढोल-डबे घेऊन उठणार, घेरणार, साहेबाला सोडवणार. बघणाऱ्याला वाटावं, आपणच सोडवला. दुपार कलली होती, ऊन पिवळं झालं होतं आणि तुम्ही एका बैलगाडीवर उभे राहून बघत होता. अंगात नवा कोट होता.

चहाचा प्रवेश रंगला. मी पडदा नीट करायचं सोंग केलं तेव्हा एवढ्या गर्दीत कोणी खोकललं नाही. मग मी नारायणला उचललं आणि निघालो. ठरलेली शिटी वाजली. गडी उठलेच नाहीत.

झालं असं की माझ्या वाटेत पहिल्या रांगेत पार्बताबाई बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं, खांद्यावरच्या सफेदा फासलेल्या साहेबाकडे बघितलं, आणि पाय आखडून घेतले. वाट दिली. शेजारी आपला फकिरा ढोल घेऊन उठायच्या बेतात होता, त्याचा हात तिने धरला. आवाज चढवला नाही तिने. घरात बोलावं तसं बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

‘नेऊ दे त्याले. माह्या मानसाले नेलं तवा कोनी आडवं आलं होतं काय?’

फकिराने ढोल मांडीवरून खाली ठेवला. मग पुढच्याने पाय आखडले, मग त्याच्या पुढच्याने. गर्दीत सरळ वाट झाली, तळ्यापर्यंत. मी तसाच उभा. नारायण वरून कुजबुजला, अरे चाल ना, पोटात टोचून राह्यलं. मी चाललो. आणि मी पुढे गेल्यावर मागून ढोल वाजला, डबे वाजले, हाका उठला! पण कशासाठी? मला अडवायला नाही. हाका काय अडवायला असतो का भाऊ? हाका पुढे हाकलायला असतो. जन्मभर या माणसांनी तेच केलं होतं, मागे रांग धरायची आणि पुढे हाकलायचं. तुम्ही लिहिताना विसरले, त्यांचे हातपाय विसरले नव्हते. हसत, ओरडत, डबे बडवत त्यांनी मला आणि साहेबाला मंडईच्या बाहेर हाकलून लावलं. जपान्यांचा कप्तान इंग्रज साहेबाला घेऊन तळ्याच्या पाळीवर पोचला आणि पुढे काय करावं ते कोणालाच सुचेना. आम्ही दोघं तिथे बसून बिडी प्यालो.

मी मागे वळून बघितलं तेव्हा तुम्ही गाडीवरून उतरत होता.

त्या दिवशी तुम्ही माझ्या घरी ताटावर बसून घास घेतला नाही. हात धुतले आणि माझ्यावर सुटले. अडाणी म्हणाले, ढोरं म्हणाले. शत्रू कोण आणि आपला कोण एवढं ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी काय लिहायचं, म्हणाले. ‘तुमाले देश नाई कळत,’ असं म्हणून तुम्ही ताट सरकवलं.

मी म्हटलं, ‘देश कळते भाऊ. सायब नाई कळत.’

मग मात्र मी थांबलो नाही. म्हटलं, ही कादंबरी तुम्ही कशासाठी लिहिली ते मला कळतं. एक हाका वाईट झाला, म्हणून तुम्ही दुसरा चांगला हाका लिहून काढला. त्यात सगळे आपणहून येतात, कोणाला चला म्हणावं लागत नाही, कोणी मरत नाही आणि सगळ्यांचं भलं होतं. लिहा, माझं काही म्हणणं नाही. पण आधी त्या बाईच्या दारात जा. आत्ता चला, मी येतो बरोबर, पाच घरं सोडून तर आहे.

तुमचा राग उतरला होता. मग विचारलं, ‘काय सांगू तिले?’

‘माह्यं चुकलं, असं मना.’

‘अन् मंग?’

‘मंग काई नाई. ते बाई पानी देईल. प्याचं अन् उठाचं.’

तुम्ही खरंच उठले, भाऊ. कोट घातला. माझ्या अंगणापर्यंत आले. मला वाटलं, जमलं. आणि अंगणातून तुम्ही उजवीकडे वळले, बांध्यांकडे. त्या नव्या कोटानिशी चिखलात उतरले. माझ्या तोंडात त्या वेळी आलेली शिवी मी इथे लिहीत नाही, स्मृतिअंक आहे.

पुढे कादंबरी नागपूरला छापून झाली. तुम्ही एक प्रत माझ्या हातात दिली, पहिल्या पानावर माझं नाव लिहून. मी शेवटचं पान तेवढं उघडलं. साहेब सुटलेलाच होता. मी मिटून फळीवर ठेवली. बाकीची तर मला तोंडपाठ होती, कप्तान झालो होतो मी. तुम्ही म्हणाले, दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा बघू, काही बदलायचं आहे. मी विचारलं, आणि पार्बताबाई? म्हणाले, जाऊ, मंडईला येईन तेव्हा जाऊ.

या पावसाळ्यात तुम्हाला आलापल्लीला ताप धरला. रानातला ताप, तुम्हाला तो कितीदा येऊन गेला होता. मला निरोप मिळाला तेव्हा तुम्हाला चांद्याला आणलं होतं. मी येऊन बसलो. तुम्ही डोळे उघडले, मला ओळखलं आणि विचारलं, धान कसा आहे? मी म्हटलं, चांगला आहे. पाणी वेळेवर आलं का? आलं. मग तुम्ही भिंतीकडे तोंड केलं. मी वाट बघत होतो, भाऊ. एवढा मोठा लिहिणारा माणूस, जपानी बोलवले, विमानं उडवली, नदीवर नावा घातल्या, आणि एक शब्द निघत नव्हता. तुम्ही मला सांगितला असता तर मी पळत जाऊन तिला दिला असता. मीही तोंड उघडून मागितला नाही, आजारी माणसाकडून काय मागायचं म्हणून. तुम्ही गेले ते धानाचं विचारून गेले.

मला रडू आलं नाही असं नाही. मी तुमच्यासाठी रडलो, चांगला हंबरडा फोडून रडलो. मला लिहायला-वाचायला शिकवलं ते तुम्ही. सागतोडीच्या दिवसांत, दिवसभर कुऱ्हाड मारून हात वळत नव्हते, तेव्हा कोळशाने फळीवर अक्षरं काढून तुम्ही माझ्याकडून गिरवून घ्यायचे. मला पुस्तकांची गोडी लावली, माझ्या पोरीला शाळेत घालायला लावलं, गाव हसलं तर गावाशी भांडले. दुसऱ्या कोणासाठी मी एवढा चिडलोच नसतो. जायचा तो गेला असता, मी चार लाकडं टाकली असती आणि घरी आलो असतो.

चांद्याची सभा आटोपून गावी परतलो तर पार्बताबाईचा निरोप आलेला. तुमचं पुस्तक घेऊन ये म्हणून. मी गेलो. पाळीवरच्या त्या घराच्या ओसरीत सुकायला टाकलेले झिंगे होते, ते तिने बाजूला केले आणि मला बसायला गोणपाट दिलं. पाण्याचा गडवा आणून ठेवला. ते तुमचं पाणी होतं, भाऊ. मी प्यालो.

म्हणाली, मुनीम मेला म्हणतात. मी म्हटलं, हो. म्हणाली, मंडईत तो हाका अर्धाच राहिला होता, माझ्यामुळे. तो वाच.

मी शेवटचं प्रकरण काढलं. मला वाटलं डोळे मिटूनही म्हणता येईल. ढोल, डबे, नदीचा काठ, झटापट, साहेब सुटतो. आणि मग मी अडखळलो, कारण पुढच्या ओळी मला पाठ नव्हत्या. कोठ्यात तुम्ही वाचल्या तेव्हा त्या नव्हत्या, मंडईत नव्हत्या. मंडईनंतर तुम्ही कधीतरी त्या घातल्या आणि मला सांगितलं नाही. तिथे तुम्ही लिहिलं आहे:

‘हाका संपला आणि माणसं आपापल्या वाटेला लागली. डोमाही आपल्या गावी परतला. तळ्याच्या पाळीवर, दारात पार्बता वाट बघत उभी होती. डोमाच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.’

मी वाचून थांबलो. राग आला की काय, कोण जाणे. तुम्ही तिचं नाव लिहिलंत. दार लिहिलंत. ज्या पाळीवरून तुम्ही कधी गेले नाही ती पाळ लिहिलीत. नागपूरच्या छापखान्यातून तिच्या दारापर्यंत आले, आणि माझ्या अंगणातून, पाच घरांवरून, येता आलं नाही तुम्हाला.

ती म्हणाली, ‘आनखी येक बार वाच.’

मी वाचलं. ती ओसरीच्या खांबाला टेकून ऐकत होती. मग तिने विचारलं.

‘घरी आला मनते. मंग काय खाल्लं त्यानं?’

मी पुस्तकात बघितलं. पुढची ओळ साहेबाची आहे. साहेब डाकबंगल्यावर पोचतो. त्याला आंघोळीला गरम पाणी मिळतं, भाजलेली कोंबडी मिळते, बिस्किटं, मुरंबा, चहा. पानभर लिहिलंय तुम्ही. पान उलटलं, तिथेही साहेबच. शेवटपर्यंत बघितलं. डोमा दारात उभा आहे तो उभाच आहे. त्याला कोणी आत घेतलेलं नाही, पाय धुवायला पाणी दिलेलं नाही, एक घास भात लिहिलेला नाही.

ती अजून माझ्याकडे बघत होती. चुलीवर भात शिजत होता.

आता तुम्हीच बोला, भाऊ. काय सांगू तिले?